आई-बाबांना घेऊन सोन्याच्या गावी: हायवे ४९ ची तयारी

आई-बाबा सहा महिन्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आले की पहिल्या महिन्यात गोल्डन गेट होतो, दुसऱ्यात योसेमिटी, मग कुठल्यातरी लाँग वीकेंडला व्हेगस आणि ग्रँड कॅन्यन. चौथ्या महिन्यात बाबा बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागतात. हायवे ४९ त्या दिवसांसाठी आहे. आपल्यापासून तीनेक तास पूर्वेला, सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांतून हा रस्ता दक्षिणोत्तर जातो. १८४९ साली सोन्यापायी जे लोंढे आले त्यांना फोर्टी-नाइनर्स म्हणतात, त्यांच्यावरूनच रस्त्याचा नंबर पडला. मी तीनदा गेले. पहिल्यांदा सगळं चुकलं, दुसऱ्यांदा निम्मं. ही तयारी तिसऱ्या खेपेनंतरची आहे.

सगळ्यात आधी गावं गाळायची. रस्ता पावणेतीनशे मैलांच्या वर आहे आणि दर दहा मैलांवर लोखंडी दारांचं, लाकडी व्हरांड्यांचं एक गाव लागतं. पहिल्या खेपेत मी अकरा ठिकाणं लिहून नेली होती. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज आपण नक्की काय बघितलं? मला तर सगळीकडे आइस्क्रीमची दुकानंच दिसली." तेव्हा तीन दिवस आणि सहा ठिकाणं, बस. पहिल्या दिवशी कोलंबिया. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक्सन, दुपारी चॉसे, वेळ उरला तर फिडलटाउन. मुक्काम प्लॅसरव्हिलला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोलोमा, मग ग्रास व्हॅली, आणि तिथून सॅक्रामेंटोमार्गे घर. मार्क ट्वेनच्या गोष्टीतल्या उड्या मारणाऱ्या बेडकाचं एंजल्स कॅम्प वाटेतच लागतं. तिथे पाय मोकळे करायला थांबा, फुटपाथवर बेडकांच्या नावाच्या पाट्या आहेत त्या बघा आणि निघा.

ऋतू दोनच: मार्चअखेर ते मेची सुरुवात, नाहीतर ऑक्टोबर. एप्रिलमध्ये टेकड्या हिरव्या असतात आणि उतारांवर केशरी पॉपी फुललेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज शंभर फॅरनहाइटच्या वर जातो. 'आम्हाला नागपूरची सवय आहे' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, कारण नागपुरात त्या वेळी ते घरात कूलरसमोर बसलेले असतात. शिवाय तो वणव्यांचा हंगाम. सप्टेंबर २०२५ मध्ये विजा पडून लागलेल्या आगीत चायनीज कॅम्प या जुन्या गावातली बरीच घरं जळाली, आणि ते गाव तुमच्या जायच्या रस्त्याजवळच आहे. उन्हाळ्यात निघायचंच असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी आगीचा नकाशा बघून मगच गाडी काढा.

वारही नीट धरा. शुक्रवारी निघायचं, म्हणजे जॅक्सनला शनिवार सकाळ मिळते. तिथल्या केनेडी खाणीची टूर शनिवार-रविवारीच असते, तीही साधारण मार्च ते ऑक्टोबर. मी पहिल्या खेपेला गर्दी टाळायची म्हणून हुशारीने मंगळवार निवडला होता. एका खाणीच्या फाटकाला कुलूप, एका म्युझियमच्या दारावर 'पुन्हा गुरुवारी'ची पाटी. आईने फाटकासमोर गाडीचं बॉनेट पुसून त्यावर डबा उघडला आणि आम्ही दशम्या खाल्ल्या. वेबसाइटवरच्या वेळा जुन्या असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. हिवाळ्यात वेळा आणखी कमी होतात.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक अर्धा दिवस घराजवळच काढा. सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू आल्माडेन आहे. तिथे सोनं नव्हे, पारा निघायचा. लाल दगडातून, म्हणजे हिंगुळातून. एका मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने १८४५ मध्ये त्यात पारा आहे हे ओळखलं, पण इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो दगड लाल रंगासाठी वापरत होते. सोन्याचे बारीक कण वाळूतून वेचता येत नाहीत, पण पारा त्यांना धरून ठेवतो. मग तो गोळा तापवायचा, पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. बाबांना हे सांगताच त्यांनी मान डोलावली. आपल्याकडे तांब्याच्या मूर्तीवर सोन्याचा मुलामा असाच चढवायचे. सिएरात एवढं सोनं निघू शकलं त्यात या पाऱ्याचा मोठा वाटा आहे, आणि आजही तिकडच्या कितीतरी तळ्यांतले मासे खाऊ नका अशा पाट्या असतात त्याचं कारणही हाच पारा. ही पाटी आधी घराजवळ बघितलेली असली की पुढे नदीकाठी दिसल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गाडीत सांगायला तीन शब्द तयार ठेवा: नदी, पाइप, खाण. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सोनं नदीच्या वाळूत मिळायचं, एका माणसाला एक थाळी पुरायची. ते संपल्यावर १८५३ पासून मोठ्या नळ्यांनी पाण्याचा मारा करून अख्ख्या टेकड्या धुऊन काढल्या. आणि गारगोटीच्या शिरांमधलं सोनं काढायला खोल खाणी खणल्या, त्यांना कंपनी लागली, भांडवल लागलं, पगारी मजूर लागले. प्रत्येक ठिकाणी 'हे तिघांतलं कुठलं?' एवढं विचारलं की पाट्या न वाचताही निम्मं कळतं. चौथीतली नातवंडं बरोबर असतील तर त्यांनाच सांगू द्या. इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतोच, आणि आजी-आजोबांसमोर त्यांचा भावही वधारतो.

आता कोलोमा, म्हणजे मूळ जागा. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शल नावाचा सुतार इथे जॉन सटर या जमीनदारासाठी पाण्यावर चालणारी सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, बांधत होता. पाणी बाहेर सोडायच्या चरात त्याला पिवळे कण दिसले. छावणीत स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने त्यातला एक साबणाच्या कढईत, क्षाराच्या पाण्यात टाकून ठेवला. सकाळी तो तसाच चमकत होता. ही गोष्ट माझ्या आईला मार्शलपेक्षा जास्त आवडली. आणखी नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकला. सोन्याची बातमी तोवर तिथे पोचली नव्हती. मूळ गिरणी केव्हाच गेली, उभी आहे ती प्रतिकृती. मार्शल १८८५ मध्ये हलाखीत वारला आणि पाचच वर्षांत त्याचा पुतळा टेकडीवर चढला, बोट नदीकडे करून. वर गाडी जाते, तेव्हा गुडघ्यांची काळजी नको.

इथे थाळी घेऊन नदीत उतरता येतं, पण ठरवून दिलेल्या जागीच आणि फक्त हात आणि थाळी वापरून. फावडं नाही, मेटल डिटेक्टर नाही. थाळी प्लॅस्टिकची, आडव्या खाचा असलेली, हिरवी घ्या, म्हणजे काळी वाळू आणि पिवळा कण दोन्ही तिच्यावर उठून दिसतात. नवी थाळी घरी भांड्यांच्या साबणाने दोनदा घासा. तिला कारखान्यातला तेलकटपणा असतो आणि तेलकट पाण्यावर सोन्याची पूड चक्क तरंगून वाहून जाते. त्याच कारणाने सनस्क्रीनचे हात थाळीत घालू नका. बरोबर एक फ्रिजवरचं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, शेवटी उरलेली काळी वाळू बहुतेक लोहकणांची असते आणि मॅग्नेटला चिकटते. एक ड्रॉपर, एक झाकणाची काचेची छोटी कुपी. बसायला घडीचं स्टूल अगदी हवंच, कारण हे सगळं उकिडवं बसून करायचं काम आहे. टॉवेल आणि कपड्यांचा एक जादा जोड. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली आणि झोंबणारी गार असते. घोट्याच्या वर पाणी नको, आणि मुलांचा हात सोडायचा नाही.

आता गंमत. तिथल्या गाइडने थाळी कशी फिरवायची ते दाखवलं. मी तीनदा करून बघितलं आणि तीनही वेळा सगळंच नदीत सोडलं. आई स्टुलावरून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तांदूळ रोळणं आहे. फक्त खडा ठेवायचा आणि तांदूळ सोडायचा." तिने थाळी घेतली, पाण्याखाली धरून आधी जोरात हलवली म्हणजे जड ते तळाशी बसेल, मग कड किंचित खाली करून एकेक लाट आत घेऊन बाहेर सोडली. मनगट तेवढं हलत होतं. दहा मिनिटांनी तळाला चिमूटभर काळी वाळू उरली, आणि तिच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक पिवळा ठिपका. ऊन हलल्यावर अभ्रक विझतो, हा विझला नाही. आईचं माहेर कोल्हापूरचं. गुजरीत पहाटे सराफांच्या दारातली धूळ झाडून नेणारे झारेकरी तिने लहानपणी बघितलेत. ती धूळ धुऊन त्यातून ते सोनं काढत. त्यामुळे तिला या सगळ्यात नवल असं काही वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढ्यासाठी लोक समुद्रावरून आले याचं.

कोलंबियासाठी फारशी तयारी लागत नाही. हे अख्खं गाव १९४५ पासून स्टेट पार्क आहे, मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी, म्हणून आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध निवांत चालू शकतात. आगीत दोनदा होरपळल्यावर गावाने विटांची घरं आणि लोखंडी दारं धरली, ती दारं हात लावून बघा. घोडागाडीसाठी सुटे पैसे ठेवा. गावाच्या कडेला पांढऱ्या चुनखडीचे विचित्र सुळके उभे दिसतात, ती शिल्पं नाहीत. मधली माती सोन्यासाठी उपसून नेल्यावर उरलेला सांगाडा आहे.

जॅक्सनला मात्र वेळ द्या. केनेडी खाण ५,९१२ फूट खोल गेली होती. म्हणजे वरून खाली जवळजवळ १,८०० मीटर. १९४२ मध्ये ती बंद पडली. बाबा इंजिनियर असतील तर गावाबाहेरच्या चाकांसाठी कॅमेरा चार्ज करून ठेवा. खाणीतला गाळ ओढ्यात सोडायला बंदी आली तेव्हा तो दोन टेकड्या ओलांडून बंधाऱ्यात न्यायला कंपनीने १९१४ मध्ये ५८ फूट व्यासाची चार लाकडी चाकं उभी केली. रहाटगाडग्यासारखीच, बादल्या भरून गाळ वर उचलायचा आणि पुढच्या पन्हाळीत ओतायचा. त्यातली काही अजून उभी आहेत. शेजारच्याच आर्गोनॉट खाणीत २७ ऑगस्ट १९२२ ला आग लागली आणि ४७ कामगार खाली अडकले. केनेडीच्या बोगद्यांतून भगदाड पाडत तिथवर पोचायला तीन आठवडे लागले. तोवर कुणी उरलं नव्हतं. टूरवर हे सांगतात. छोटी मुलं बरोबर असतील तर तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

जॅक्सनपासून वर पाइन ग्रोव्हच्या बाजूला चॉसे आहे, पाट्यांवर इंडियन ग्राइंडिंग रॉक म्हणून लिहिलेलं. लोक हे गाळतात, कारण इथे सोनं नाही. तुम्ही गाळू नका. संगमरवरासारख्या दगडाचा एक सपाट पत्थर जमिनीलगत पसरलाय आणि त्यात १,१८५ उखळं कोरलेली आहेत. कोरलेली म्हणजे इथल्या मूळच्या मिवॉक जमातीच्या बायकांनी ओकची फळं पिढ्यान् पिढ्या कुटून कुटून पडलेली. ओकचं फळ कडू असतं, म्हणून ते कुटून, पीठ पुन्हा पुन्हा पाण्याने धुऊन मग शिजवायचं. कठड्याच्या आत जाऊ नये, उखळात हात घालू नये. आई कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. उखळ पांढरं करून घ्यायला जगभरातून तीन लाख माणसं या डोंगरात आली, आणि ज्यांची खरी उखळं इथे होती त्यांना घरदार सोडून पळावं लागलं. रोगांनी, उपासमारीने आणि सरळ गोळ्या घालून ही माणसं संपवली गेली. १८४०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी दीड लाखाच्या आसपास होते असं मानतात, १८७० पर्यंत ते तीस हजारांवर आले.

म्हणून पितळी पाट्यांबद्दल एक सवय लावून घ्या. रस्त्याच्या कडेला ऐतिहासिक स्थळांच्या पाट्या शेकड्याने आहेत. काही सरकारने लावलेल्या, काही ई क्लॅम्पस व्हायटस नावाच्या अर्ध्या थट्टेवारी मंडळाने. पाटीच्या तळाशी ती कुणी आणि कोणत्या साली लावली ते असतं. ते आधी वाचायचं, मजकूर मग. जुन्या पाट्यांत बहुधा 'पहिला गोरा' कोण ते असतं, बाकीचे कुठे गेले ते नसतं. १८५० साली परदेशी खाणवाल्यांवर महिना २० डॉलर कर बसला. मेक्सिकन आणि चिली देशातले लोक त्याने हुसकले गेले. तो कर रद्द झाला, पण १८५२ मध्ये नवा आला आणि तो मुख्यतः चिनी लोकांकडून वसूल होत राहिला. फिडलटाउनला एका चिनी वैद्याचं दुकान आहे, च्यू की स्टोअर. मातीच्या कुटून बसवलेल्या जाड भिंती, आणि आत औषधांचे कप्पे. उघडं आहे का हे विचारूनच जा. बंद असलं तरी बाहेरून त्या भिंती बघितल्यावर बाबांना गावाकडचा वाडा आठवला, एवढं पुरे झालं.

कोलोमाजवळ गोल्ड हिलला आणखी एक जागा आहे, तिथे टूरची वेळ आधी ठरवावी लागते. १८६९ मध्ये जपानहून काही कुटुंबं चहा आणि रेशमाची शेती करायला इथे आली, वसाहतीचं नाव वाकामात्सु. दोन वर्षांत बेत फसला. ओकेई नावाची मुलगी १८७१ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना वारली, तिची समाधी टेकडीवर आहे.

ग्रास व्हॅलीला एम्पायर खाण. १८५० ते १९५६, ३६७ मैल बोगदे, आणि ५८ लाख औंस सोनं, म्हणजे सुमारे १८० टन. बाबांनी आजच्या भावाने गुणाकार करायला घेतला आणि फोनचा कॅलक्युलेटर संपला. इथे मुख्य शाफ्टच्या तोंडातून थोडं आत उतरता येतं, गारवा असतो, स्वेटर पिशवीत ठेवा. खाणीतले पुष्कळ कामगार इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे. त्याच भागातली माणसं आपल्या कोलारच्या खाणीतही होती. त्यांचा डबा म्हणजे पास्टी, गावात अजून मिळते. करंजीच म्हणा, पण तळहातापेक्षा मोठी, भट्टीत भाजलेली, कडेला तशीच मुरड. आत बहुधा बीफ असतं, म्हणून भाजीची आहे का ते आधी विचारा.

मॅलाकॉफ डिगिंग्ज इथून आणखी वर आहे, रस्ता शेवटी कच्चा आणि वळणांचा. सत्तरीच्या माणसांना घेऊन मी जाणार नाही, तुम्ही ठरवा. जाल तर पाण्याच्या तोफांनी धुतलेला अख्खा डोंगर दिसेल. त्याचा गाळ खाली युबा नदीत साचून तिचं पात्रच उंच झालं, १८७५ मध्ये मेरिसव्हिल गाव बुडालं, आणि शेवटी शेतकरी कोर्टात गेले. ७ जानेवारी १८८४ ला न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला मनाई केली.

उरली गाडी. नकाशे आधीच डाउनलोड करा, दऱ्यांत फोनला रेंज नसते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मुक्कामाच्या हॉटेलात चार्जर आहे ना ते बघून घ्या. ऑबर्नच्या अलीकडे रस्ता अमेरिकन नदीच्या दरीत उतरून पुन्हा चढतो, त्या वळणांत पोटात ढवळतं, तेव्हा आवळासुपारी हाताशी. बीपीच्या गोळ्या डिकीत नको, पुढच्या कप्प्यात. दशम्या, तिळाची चटणी आणि दही तीन जेवणं निघतील एवढं. पाणी माणशी तीन बाटल्या. बूट बंद, कारण खडकांत रॅटलस्नेक असतात. पायवाट सोडायची नाही, जुन्या खाणींची तोंडं झुडपांत उघडी असतात. तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर लांब राहा. तो पॉयझन ओक, आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला. बिब्बा उततो तसाच उततो, आणि त्याचं तेल कपड्यांना चिकटून घरी येतं. घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवा.

कुपीचं झाकण घट्ट लावून मी ती आईच्या पर्समध्ये ठेवली होती. परत जायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना तिने विचारलं, मुंबईला कस्टममध्ये हे सोनं दाखवावं लागेल का. बाबांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, त्यावर बशी ठेवली, काटा शून्यावर घेतला आणि कुपीतला ठिपका पाण्यासकट बशीत ओतला. एक ग्रॅम दाखवला. पाणी टिपून घेतल्यावर शून्य.